चुलतभावाचं जनावर

माझ्या वहीत माझ्या चुलतभावाचे तुकडे आहेत. एका पानावर नुसती मान. दुसऱ्यावर पोट, समोरून आणि बाजूनं. तिसऱ्यावर हसताना वर सरकणारा ओठ आणि त्याखालचे दात, कितीदा तरी काढून खोडलेले. चाल मात्र झकास जमली आहे. आधी पोट पुढे येतं, मग गुडघे, आणि हात मागेच राहतात. दोन वर्षं मी ही वही भरते आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. निदान परवापरवापर्यंत वाटत नव्हती.

वही एका खेळासाठी आहे. संगणकावरचा खेळ, जो अजून आलेला नाही. त्यात आपण एक प्राणी घडवायचा. सुरुवात पाण्यातल्या एका ठिपक्यापासून. त्याला तोंड द्यायचं, शेपूट द्यायची, डोळे हवे तर डोळे. मग तो खातो, वाढतो, त्याला पिल्लं होतात, पिल्लांना पिल्लं. जो अवयव उपयोगाचा नाही तो पिढ्यांमागून पिढ्या बारीक होत नाहीसा होतो, आणि ज्याच्यावर पोट चालतं तो मोठा होत जातो. पाण्यातून बाहेर काढून त्याला चिखलात चालवता येतं. इतर प्राणी त्याच्यावर टपलेले असतातच. बनवणारे लोक महिन्याला एक व्हिडिओ टाकतात आणि मी तो रेवसहून करंजाला जाणाऱ्या लाँचवर बघते. उरणकडच्या एका कंटेनर यार्डात माझी नोकरी आहे, खोक्यांचे नंबर संगणकात भरण्याची. चाळिशीची बाई लाँचच्या कठड्याला टेकून कानात बोंडं घालून मातीतल्या किड्यांना पाय फुटताना बघते, याचं पहिल्यांदा बाकीच्यांना हसू यायचं. आता सवय झाली. कोळणी विचारतात, "आली का तुजी जनावरा?" मी म्हणते, अजून नाहीत.

माझं हे वाट बघणं हौसेचं नव्हतं. मला सूड घ्यायचा होता.

आमच्या खारातल्या, म्हणजे खाडीला बांध घालून काढलेल्या जमिनीवरच्या, गावांत घराच्या पाठी तळं असतं आणि तळ्यात जिताडा असतो. हा मासा खाडीचा. त्याची बोटाएवढी पिल्लं खाडीतून धरून आणायची आणि पावसाच्या गोड्या पाण्यात पोसायची. जिताडा हावरा असतो. तोंडात मावेल ते खातो, त्यात त्याचे स्वतःचे भाऊबंदही आले. म्हणून आमच्यात एक नियम लहान पोरांनाही ठाऊक असतो, की मोठा आणि पिल्लं एका पाण्यात ठेवायची नाहीत; तोंडात मावेनाशी झाली की मगच सोडायची. पाच-सहा वर्षं पोसलेला जिताडा म्हणजे घराची शान. पापलेट पैसे टाकले की बाजारात मिळतं, असा जिताडा ओळखीशिवाय मिळत नाही. त्यामुळे कुणाचं काम कुठे अडलं की ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा कुठल्यातरी साहेबाच्या दारात जातो, आणि काम सुटतं. त्याला कुणी लाच म्हणत नाही. जिताडा दिला, एवढंच म्हणतात.

बाबांच्या तळ्यात एक होता, सात वर्षांचा. नाव वगैरे ठेवण्यातले बाबा नव्हेत, ते त्याला नुसतं 'मोठा' म्हणायचे. दुपारी चारच्या सुमारास ते तळ्याच्या पायरीवर बसून पत्र्याचा डबा दोनदा दगडावर आपटायचे, आणि मोठा पायरीपाशी यायचा. पाणी हलायचं नाही, तो आपला खालून काळा होत वर यायचा. बाबा कोलंबी टाकायचे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. हा ठेवलाय कशासाठी, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बगू." 

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला. शेवटी शेवटी मोठा वर आलेला त्यांना दिसेनासा झाला, ते नुसत्या आवाजावर ओळखायचे. अलिबागला ऑपरेशन ठरलं तेव्हा मला म्हणाले, "डोळ्याची पट्टी सुटली का पयला मोठ्याला बगीन. केवडा झालाय कोन जाने." आम्ही दोन दिवस अलिबागला होतो. परत आलो तेव्हा बाबांना काळा चष्मा होता, आणि घरात पाय ठेवण्याआधी ते डबा घेऊन पायरीवर गेले. दोनदा आपटला. थांबून आणखी दोनदा. लहान दोघं-तिघं आले, मोठा आला नाही. मला वाटलं, चष्म्यामुळे दिसत नसेल. पण मलाही दिसत नव्हता आणि माझे डोळे ठणठणीत होते.

संध्याकाळी चुलतभाऊ, माझा दादा, पेढे घेऊन आला. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, काकाचा मुलगा, बांधापलीकडे घर. पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या त्याला, आणि परवानगी कुठेतरी अडकून पडली होती.

"काका, काम झाला आपला! साहेब एकदम खूश. तुमी घरी नवतात, फोन पन लागं ना. माजे अजून ल्हान हायत, म्हनून तुमचा नेला. टेन्शन नका घेऊ, पुडच्या वर्षी माज्यातला देतो तुमाला."

हे सगळं त्यानं हसत, पेढ्याचा खोका पुढे धरून सांगितलं. ओठ वर गेला होता, दात दिसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी पेढा घेतला. "आसू दे," म्हणाले. चष्म्यामागे त्यांचे डोळे कसे झाले होते ते मला कळलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस ते चार वाजता पायरीवर जायचे, पण डबा न्यायचे नाहीत.

बाबांनी सोडून दिलं. मी सोडणार नव्हते. पण करणार काय? भांडले तर भावकीत मीच आगाऊ ठरणार. बाप गप्प आणि पोरगी तणतणतेय, हे आमच्याकडे शोभत नाही. मी हात चोळत बसले होते. अशात एका सकाळी लाँचवर त्या खेळाचा पहिला व्हिडिओ समोर आला. एक लठ्ठ, बिनमानेचा प्राणी चिखलातून फतक फतक चालत होता, पोट पुढे आणि हात मागे. मी मोठ्यानं हसले. शेजारची बाई दचकली. करंजाचा धक्का येईपर्यंत माझा सगळा बेत तयार होता.

मी त्याला बनवणार होते. दादालाच, हुबेहूब. आणि मला त्याला मारायचं नव्हतं, ते फार सोपं झालं असतं. मला त्याची पुढची पिढी बघायची होती, तिच्या पुढची, आणि तिच्याही पुढची. मी त्याला असं तळं देणार होते जिथे सगळं आयतं मिळतं, म्हणजे पाय झडतील. मग डोळे जातील, कारण बघायची गरज नाही. मग ते दात. भूक तेवढी ठेवणार होते. शेवटी नुसतं एक पोट उरेल आणि तळाशी तोंड वर करून पडून राहील. तेव्हा मी पाण्यात दुसरा प्राणी सोडणार होते. तो मी आधीच काढून ठेवला होता, लांब, चंदेरी, रुंद पाठीचा. तो खालून काळा होत येईल, त्याला घाई नसेल.

हे इतकं गोड वाटायचं की यार्डात नंबर भरताना मी मध्येच हसायचे.

पण हुबेहूब काढायचं तर माणूस नीट बघावा लागतो. आजवर मी दादाला टाळत होते, आता मी त्याच्याकडे जायला लागले. सत्यनारायणाला गेले, त्याच्या मेव्हणीच्या हळदीला गेले, गणपतीत आरतीला तर पाचही दिवस उभी राहिले. आरती ओवाळताना त्याच्या मानेच्या वळ्या कशा हलतात ते पाठ केलं आणि घरी येऊन वहीत उतरवलं. वहिनी खूश. "बाय आता येते-जाते, बरा वाटते," असं बाबांना सांगून आली. दादानं स्वतः माझ्या ताटात जास्तीचा मोदक वाढला. मी तो खाल्ला आणि त्याची बोटं बघून घेतली. आखूड, टोकाला गोल. अशी बोटं चिखलात लवकर रुततात.

खेळ मात्र येईना. आधी म्हणाले उन्हाळ्यात. मग म्हणाले वर्षाअखेर. मी संगणक तयार ठेवला, त्याच्यात नवीन कार्ड बसवून घेतलं, वहीतली चित्रं क्रमानं लावली. वर्षाअखेर आली आणि गेली. प्रत्येक वेळी तीच दोन थकलेली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून, तुम्ही इतका धीर धरलात त्याबद्दल आभारी आहोत, असं म्हणायची. धीर कसला? मी दात-ओठ खात होते. इकडे दादाच्या खोल्या उभ्या राहिल्या, रंग लागला, मुंबईची माणसं शनिवार-रविवार यायला लागली. पुढच्या वर्षी द्यायचा जिताडा त्यानं दिला नाही. विसरला असेल, कारण त्याला तो आठवायची गरजच कुठे होती?

या श्रावणात त्यानं खोल्यांच्या मागे नवा खड्डा खणून घेतला आणि त्यात जिताड्याची पिल्लं सोडली. पाहुण्यांना आपल्याच तळ्यातला मासा खिलवायचा, असा त्याचा बेत. आम्हाला बोलावून दाखवलं. बोटाएवढी पिल्लं, सगळी एकदम वळायची. "काका, बगा, दोन-तीन वर्षांत कसा होते ते!" बाबा वाकून बराच वेळ बघत राहिले. "चांगली हायत," म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते कौतुक मला सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात लाँचवर नवा व्हिडिओ आला. खेळ पुन्हा पुढे ढकलला होता. या वेळी तर तारीखही नव्हती, तयार होईल तेव्हा येईल म्हणाले. मी फोन पर्समध्ये टाकला. समोर खाडीचं पाणी होतं आणि माझ्या मनात स्वच्छ एक वाक्य आलं, की यासाठी मला संगणक कशाला पाहिजे.

रविवारी दादाच्या घरचे सगळे काशीदला कुणाच्यातरी साखरपुड्याला गेले होते. पावसाळ्यात पाहुणेही नव्हते. बाबा जेवून आडवे झाले होते. भर दुपारी मी गरीला कोलंबी लावून आमच्या तळ्यात टाकली. मोठ्यानंतरचा जो दुसरा होता, तीनेक किलोचा, तो लगेच लागला. ओलं गोणपाट आधीच घेऊन ठेवलं होतं. बांधावरून पलीकडे दोनशे पावलं असतील. तो माझ्या छातीशी धडका देत होता, माझा कुडता चिकट झाला, आणि मी धावत होते. बाबांचा मासा मी चोरून नेतेय असं एकदाही मनात आलं नाही. तो मोठ्याच्या वतीनं चालला आहे, असं वाटत होतं. दादाच्या खड्ड्याशी गोणपाट उघडलं. तो क्षणभर काठावर तसाच राहिला, मग शेपटीनं पाणी मारून खाली गेला. पिल्लांचा थवा फुटला आणि पुन्हा जुळला. मी बराच वेळ उभी होते. खरं सांगते, इतकं बरं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस म्हणजे सणच. पिल्लं कमी व्हायला लागली तसा दादा चक्रावला. आधी बगळ्यांवर खापर फोडलं आणि खड्ड्यावर जाळी ताणली. मग म्हणाला पाणसाप आहे, आणि काठाचं गवत काढून टाकलं. मग म्हणाला ऊद, म्हणजे पाणमांजर, येतो खाडीतून, त्यासाठी कुंपण घातलं. प्रत्येक उपायाची बातमी वहिनी आमच्याकडे आणायची आणि मी चेहरा पाडून ऐकायचे. "आरारा," म्हणायचे. "सगळी गेली?" वहीत मी नवीन पान काढलं, दादा उदाची वाट बघत काठीसकट बसला आहे. माझं सगळ्यात चांगलं चित्र ते.

शेवटी दादा बाबांकडे आला. गावात जिताड्याचं बाबांइतकं कुणाला कळत नाही. "काका, तुमीच बगा येऊन. माजा डोका चालं ना."

बाबा गेले आणि दुपारभर खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. मी यार्डातून परतले तेव्हा ते घरी आले होते आणि आमच्या तळ्याच्या पायरीवर होते. कोलंब्या एकेक करून टाकत होते आणि वर कोण कोण येतं ते बघत होते. डबा संपल्यावर उठले. जेवताना मी स्वतःला सांगत होते, की कळलं तर कळू दे, मनातून बाबाही खूशच होतील. कुणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी केलं होतं.

सकाळी मी लाँचसाठी निघाले तर म्हणाले, "आज नको जाव. गोणपाट भिजवून आन."

दादाच्या खड्ड्यावर त्यांनी गरी टाकली. दादा, वहिनी दोघं उभी होती. मासा लागायला वेळ लागला नाही. वर काढला तेव्हा मला तो ओळखू आला नाही, इतका फुगला होता. बाबांनी त्याला गोणपाटावर ठेवलं, शेपटीच्या पंखातली जुनी चीर बोटानं दाखवली आणि दादाला म्हणाले, "ह्यो माज्या तळ्यातला. बांद फुटला न्हाय, उदानाचा पानी आत आला न्हाय. माज्या घरातनं आलाय."

दादाला कळेना. मग मीच म्हटलं, "मी सोडला."

"तू? कशाला गो?"

"मोठ्यासाठी."

"कंचा मोठा?"

तो नाटक करत नव्हता. या माणसाला मी दोन वर्षं बघत होते, त्याचा चेहरा मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त पाठ होता. त्याला खरंच आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचा एक मासा, हे मोठ्यानं म्हणायचं म्हटलं तर किती लहान वाटत होतं. आणि मला ते लहान वाटायला नको होतं.

बाबांनी त्याला सांगितलं नाही. गोणपाटाकडे बोट केलं. "ह्याच्या आंगावर तुजी पिल्ला हायत. ह्यो तुजा. आनि जाळा घे, माज्या तळ्यात चल. तुजी जेवडी गेली तेवडी भरून न्हाय येत, पन हाय ता ने."

"काका, जावू दे ना. पोरीनं केला रागात. मी काय बोललो का?"

"जाळा घे."

खेळ अजून आलेला नाही. मी व्हिडिओ अजूनही बघते आणि वाटही बघते. तो आल्यावर दादाला बनवायचं की नाही हे मला ठाऊक नाही, कारण राग गेलेला नाही. कुणाला वाटेल, एवढं झाल्यावर जायला हवा होता. उलट आता त्यात दादाचा तो चांगुलपणाही आला आहे, आणि तो मला त्याच्या दातांपेक्षा जास्त टोचतो. वही कपाटात आहे.

त्या सकाळी जाळ्याची एक बाजू दादानं धरली आणि दुसरी मी. दुसरं कुणी नव्हतंच. छातीभर पाण्यातून आम्ही दोघं तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. बाबा पायरीवर उभे राहून "खाली दाब, बाय, खाली," असं सांगत होते, जसं लहानपणी सांगायचे. जाळं काठाला आलं तेव्हा त्यात त्यांचे सगळे होते, लहान-मोठे मिळून अकरा. दादा एकेक काढून पाण्यानं भरलेल्या पिंपात टाकत होता. शेवटचा एक हातात धरून तो थांबला. दीडेक वर्षाचा असेल, छान चंदेरी.

"काका, एक तरी ऱ्हावू द्या. तळा रिकामा बरा न्हाय दिसत."

बाबा जाळ्यातला गाळ झटकत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"नको," ते म्हणाले. "हिला परत राग आला तं?"